शनिवार-रविवारचे घर

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी विदुषी बोलवावयाची आणि आपण सर्वजणींनी ऐकावयाचे, असा आपल्या मंडळाचा शिरस्ता आहे. यंदा चिटणीसबाईंनी तो मोडला आणि आपल्यातलीच एक उभी केली. 'तुम्ही दोघे दर शनिवारी पहाटे पिशव्या घेऊन वाईला जाता आणि रविवारी रात्री पांढरे हात घेऊन परत येता, ते काय करता ते एकदा सर्वांना सांगा,' असा त्यांचा आग्रह पडला. म्हणून मी आज उभी आहे. व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही. चुना, माती, लाकूड आणि कौले यांच्याविषयी चार वर्षांत जे हाताने शिकले, तेवढे सांगणार आहे. आपल्यापैकी पुष्कळजणींचे गावाकडे एखादे घर असेल, त्याला कुलूप असेल, आणि त्या कुलपाचा विषय घरात निघाला की सर्वजण गप्प होत असतील. त्यांना यातले काही उपयोगी पडावे, एवढीच इच्छा.

वाई म्हटली की आपल्याला कृष्णेचे घाट आणि सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलेला ढोल्या गणपती आठवतो. जवळच मेणवलीला नाना फडणिसांचा वाडा आहे. आमचे घर असल्या थोरांच्या पंक्तीतले नव्हे. एका आळीतले पाच खणांचे साधे दुघई घर ते. काळ्या दगडाचे जोते, मातीत बांधलेल्या विटांच्या भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर माळा आणि मंगलोरी कौले. पुढे ओटा, मग ओसरी, माजघर, आणि सर्वांत मागे अंधारे स्वयंपाकघर. परसात आड आणि एक पारिजातक. माझ्या वडिलांच्या आजोबांनी ते बांधले. म्हणजे ते माझे माहेर. माझी आई त्या घरात नववधू म्हणून आली आणि तीस वर्षांहून अधिक काळ तिथे तिने चूल फुंकली. वडील गेल्यावर ती पुण्याला भावाकडे आली, आणि घराला आठ वर्षे कुलूप राहिले.

भगिनींनो, घराचे काम हातात घेण्याआधी घर कोणाचे हा प्रश्न सोडवावा लागतो. हा भाग बोलावयास अवघड आहे, पण तो गाळला तर बाकीचे सांगणे पोकळ होईल. भावाचे म्हणणे, घर विकून टाकावे. त्यात त्याचे चुकत होते असे नाही. त्याला मुलांची शिक्षणे होती. नातेवाइकांपैकी कोणी मला म्हणाले, 'बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी म्हणजे माहेर गोड राहते.' हे वाक्य आपण सर्वजणींनी कधी ना कधी ऐकलेले असते. तेव्हा कायदा काय आहे, ते थोडक्यात सांगते. वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती आपल्या महाराष्ट्राने १९९४ सालीच केली होती, पण आधी लग्न झालेल्या मुली तिच्यात नव्हत्या. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून सबंध देशासाठी हिंदू उत्तराधिकार कायदा बदलला, आणि विवाहित-अविवाहित हा भेद गेला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की, २००५ सालच्या त्या तारखेला वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क राहतोच. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र कायम धरल्या आहेत. प्रत्येकीच्या घरचा तपशील निराळा असतो, तेव्हा सही करण्यापूर्वी वकिलाला विचारावे. सही करूच नये असे मी म्हणत नाही. समजून करावी, एवढेच.

आम्ही भांडलो नाही. आईला मध्ये बसवून तिघांनी बोलणे केले. घराची किंमत त्रयस्थाकडून ठरवून घेतली, भावाच्या वाट्याचे पैसे माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून आणि आमच्या यजमानांच्या बचतीतून दिले, आईने आपला हिस्सा राखून ठेवला, आणि मिळकत पत्रिकेवर आम्हा मायलेकींची नावे लागली. ज्या घरात आई पन्नास वर्षे 'अमक्यांच्या सूनबाई' होती, त्या घराच्या कागदावर तिचे स्वतःचे नाव पहिल्यांदा चढले, तेव्हा तिने तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि देवघरात नेऊन ठेवला.

पैसे असे गेल्यावर कंत्राटदाराला सबंध काम देण्याइतके काही उरले नाही. मी शाळेत शिकवते, हे कचेरीत जातात. उरले शनिवार-रविवार. तेव्हा जे आपल्या हाताने होईल ते आपण करावे, जे होणार नाही त्याला जाणकार माणूस बोलवावा, आणि घाई करू नये, असे ठरले. पुणे ते वाई सुमारे ९० किलोमीटर. स्वारगेटहून पहिली एस.टी. धरली की खंबाटकी ओलांडून, सुरूरच्या फाट्यावरून वळून, सकाळी कामाला लागता येते.

पहिल्या पावसाळ्यात आम्ही झाडलोट केली आणि फक्त पाहिले. एका वृद्ध गवंड्याने हा सल्ला दिला होता. ते म्हणाले, 'बाई, एक पावसाळा घराला बोलू द्या. कुठे रडते ते खडूने लिहून ठेवा.' आम्ही छत्री घेऊन माळ्यावर चढत होतो. जिथे थेंब पडे तिथे खडूने फुली, जिथे भिंत ओली दिसे तिथे रेघ आणि तारीख. दसऱ्यापर्यंत सबंध घराचा नकाशा तयार झाला. त्यावरून एक गोष्ट कळली. घराची बहुतेक दुखणी पाण्याची असतात. पाणी वरून येते, खालून चढते, किंवा वळचणीवरून जोत्यावर उसळते. म्हणून कामाचा क्रम असा धरावा: आधी छप्पर, मग जोत्याभोवतीचे पाणी दूर नेणे, मग लाकूड, मग भिंती, मग जमीन, आणि रंग सर्वांत शेवटी. आपण बायका पुष्कळदा रंगापासून सुरुवात करतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. पण गळक्या छपराखालचा रंग एका आषाढात उतरतो.

मंगलोरी कौलाची कथा मोठी मजेची आहे. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८६५ साली मंगळूरला त्यांचा कारखाना काढला, आणि तिथून ही तांबडी कौले जहाजातून सबंध पश्चिम किनाऱ्यावर आणि पुढे घाटावर गेली. एका कौलाची खाच दुसऱ्याच्या कडेत बसते, त्यामुळे नळीच्या जुन्या कौलांपेक्षा ती कमी लागतात आणि वाऱ्याने सहसा सरकत नाहीत. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे पुरतात. छपरावर आम्ही दोघे चढलो नाही. उतारावर जाणे हे सरावाच्या माणसाचे काम, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसांनी तिथे हौस करू नये. कौले उतरवून देणारी दोन माणसे लावली. खाली ती धुणे, तपासणे आणि रचणे हे काम आमचे. कौल एका हातावर तोलून धरावे आणि बोटाच्या पेराने ठोकावे. चांगले कौल मडक्यासारखे खणखणते. तडा गेलेले भद्द आवाज करते, मग तडा डोळ्यांना दिसो वा न दिसो. माठ पारखून घेणाऱ्या कोणाही गृहिणीला हे शिकवावे लागत नाही. यजमानांना मात्र दोन दिवस लागले, हे त्यांच्यादेखत सांगते; ते मागे बसले आहेत.

कौलांखालच्या रिपा बदलल्या, वाशांपैकी तीन बदलले, आढे शाबूत निघाले. मग वळचणीला पन्हळ लावली आणि तिचे पाणी आडाकडे नेले. जोत्याला लागून मागे कधीतरी कोणी सिमेंटचा पट्टा घातला होता आणि त्याचा उतार भिंतीकडे होता. तो फोडून उतार अंगणाकडे काढला. एवढ्या एका कामाने पुढच्या पावसाळ्यात माजघराची भिंत निम्मी कोरडी झाली. पैशाने पाहिले तर हे सर्वांत स्वस्त काम, आणि गुणाने सर्वांत मोठे.

आता लाकूड. सागवानाचा खांब शंभर वर्षे सहज उभा राहतो, पण त्याचे मरण त्याच्या पायाशी असते. म्हणून जुन्या लोकांनी खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा केला. पुढे कोणी जमीन उंच केली, तळखडा बुजला, की खांबाचा पाय ओल्या मातीत जातो आणि वाळवीला वाट मिळते. टोकदार हत्याराने खांबाच्या बुडाशी टोचून पाहावे. टोक रुतले नाही तर काळजी नाही. लोण्यात जावे तसे गेले तर सुतार बोलवावा. आमच्या दोन खांबांचे पाय गेले होते. सुतारांनी टेकू देऊन तुळई तोलली, कुजलेला दीड फूट कापला आणि नवे लाकूड सांध्याने बसवले. सबंध खांब बदलावा लागला नाही. वाळवी मातीच्या नळ्या करून वर चढते, तेव्हा दर महिन्याला भिंतीच्या कोपऱ्यांतून हात आणि नजर फिरवावी. दारांना आम्ही जवसाचे तेल लावले. इथे एक सूचना. त्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

दारांवर जुन्या ऑइलपेंटचे थर होते. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो, आणि शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला फार अपाय करते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग एवढी मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले. त्याच्या आधीचा रंग कोरडा घासू नये. ओला करून खरवडावा, तोंडावर चांगली पट्टी बांधावी, खरवड कागदावर गोळा करावी आणि नातवंडांना त्या दिवशी दूर ठेवावे.

भिंतींकडे आले की प्रत्येक जण सांगतो, 'सिमेंटचा गिलावा करून टाका, एकदाच काय ते.' सिमेंट वाईट नाही. नव्या इमारती त्यावरच उभ्या आहेत. पण मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीला ते मानवत नाही. अशी भिंत जमिनीतून थोडी ओल घेते आणि उन्हा-वाऱ्यात ती बाहेर टाकते. वरून सिमेंटचा कडक थर दिला की ओल आत कोंडते, क्षार बाहेर फुलतात, ज्याला आपण लोणा लागला म्हणतो, आणि काही वर्षांत तो थर पोपड्यासारखा सुटून येतो, येताना विटांची पूड घेऊन येतो. चुन्याचा गिलावा मऊ असतो, भिंतीबरोबर किंचित हलतो आणि ओलीला बाहेर जाऊ देतो.

चुन्याचे शास्त्र समजले तेव्हा मला फार आनंद झाला, म्हणून ते सांगते. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना राहतो. त्यावर पाणी घातले की तो रागाने उकळतो आणि फुटतो. यालाच चुना विरवणे म्हणतात. विरलेला चुना पाण्याखाली जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. वाळू मिसळून तो भिंतीवर चढवला की हवेतला तोच कर्बवायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. दगडापासून निघून दगडापर्यंत असा त्याचा प्रवास आहे. म्हणून त्याला वेळ लागतो. घाई केली, भर उन्हात वाळू दिला, तर तो भेगाळतो. पातळ थर द्यावेत, ओले गोणपाट लावावे आणि आठवडाभर सावलीत ठेवावे. शनिवार-रविवारच्या कामाला हा स्वभाव फार सोयीचा पडला. आम्ही रविवारी थर देऊन यावे, शेजारच्या काकूंनी आठवडाभर गोणपाटावर पाणी शिंपडावे, आणि पुढच्या शनिवारी वरचा थर. जुने लोक चुना बैलांच्या घाणीत मळत, त्यात विटांची सुरखी घालत, गूळ आणि हिरड्याचे पाणी घालत. सुरखीने चुना ओलीतही धरतो, हे आम्ही जोत्यालगतच्या भागात करून पाहिले. विकतच्या मुरलेल्या चुन्यानेही काम होते. मात्र कळीचा चुना घरी विरवावयाचा तर चष्मा आणि रबरी हातमोजे घातल्यावाचून हात लावू नका. डोळ्यांत कण गेला तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहावे आणि तडक डॉक्टरांकडे जावे.

इथे मला एका बाईंविषयी सांगावयाचे आहे. त्यांचे नाव घेत नाही. त्यांना ते आवडणार नाही. गवंड्यांच्या हाताखाली त्या बिगारी म्हणून येत. वीस वर्षे त्यांनी घमेली वाहिली, माल कालवला, पाणी मारले. चुन्यात वाळू किती आणि पाणी किती, हे त्या फावड्याच्या आवाजावरून ओळखतात. मला मिश्रण शिकवले ते त्यांनीच. बोटांच्या टोकांची कातडी चुन्याने गेलेली. हातमोजे त्यांना कोणी कधी दिले नव्हते. एके दिवशी गवंडी आले नाहीत. मी थापी घेऊन माझ्या परीने भिंतीशी झटत होते. त्या थोडा वेळ पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, 'ताई, जरा द्या बघू.' आणि थापी अशी फिरली, की मी आणि यजमान बाजूला उभे राहून पाहत राहिलो. मी विचारले, 'मावशी, तुम्ही हे काम का करत नाही?' त्या म्हणाल्या, 'बाईच्या हाती थापी कोण देतंय?'

मैत्रिणींनो, आपण कुठलेही बांधकाम पाहा. डोक्यावर घमेले बाईच्या, हातात थापी पुरुषाच्या, आणि संध्याकाळी रोजाचा हिशेब थापीला निराळा, घमेल्याला निराळा. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा देशात १९७६ साली झाला. पण काम 'समान' होऊच दिले नाही, तर कायदा बिचारा काय करणार? आम्ही दोघांनी ठरवले की, ज्या दिवशी मावशी गिलावा करतील त्या दिवशी त्यांना गवंड्याचा रोज द्यावयाचा. गवंडी दोन रविवार रुसले. यजमानांनी त्यांना समजावले की, तुमचा रोज एका पैशाने कमी केलेला नाही. तिसऱ्या रविवारी ते आले, भिंतीवरून हात फिरवला, ओळंबा लावून पाहिला आणि म्हणाले, 'सरळ आहे.' त्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नसते. मागच्या उन्हाळ्यात त्याच आळीतल्या दुसऱ्या घराच्या गिलाव्याला मावशींना बोलावणे आले, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या, थापी मागावयास नव्हे, तर स्वतःची विकत घेतलेली दाखवावयास.

आता ज्यासाठी हे सर्व सांगत आले, तो स्वयंपाकघराचा विषय. जुने घर राखणाऱ्यांना एक मोह होतो. जे जसे होते तसेच ठेवावे, असे वाटते. पुण्याहून पाहावयास येणारे स्नेही म्हणत, 'चूल ठेवा हं, फार छान वाटते.' आम्ही ठरवले, स्वयंपाकघराला हात लावण्यापूर्वी तिथे जिने जन्म घातला तिला विचारावयाचे. आईला घेऊन गेलो. ओसरी पाहून ती खूश झाली. खांबांवरून हात फिरवला, कोनाड्यात पणती लावली. मग मागे गेली, उंबऱ्याशी उभी राहिली आणि पुष्कळ वेळ बोलली नाही. एक हातभर झरोका, काजळलेली तुळई, चुलीपुढची खोलगट झालेली जमीन. शेवटी म्हणाली, 'घर राखा. पण ही खोली राखू नका. इथे मी दिवसा चिमणी लावून पोळ्या केल्या आहेत. तुमच्या आजोबांना ओसरीवर सहा खिडक्या आणि मला एक भोक.'

त्यानंतर त्या खोलीत वादाला जागा राहिली नाही. भगिनींनो, आपल्या जुन्या वास्तूंचे कौतुक करताना हे ध्यानात असू द्यावे. ओसरी वाऱ्याची, कारण तिथे पुरुष बसत. माजघर अंधारे, कारण तिथे बायका असत. चुलीचा धूर सोसणे हा गृहलक्ष्मीचा अलंकार मानला गेला, पण डॉक्टर त्याला दमा आणि मोतीबिंदूचे कारण म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे घरातल्या धुराने गेली. आईचा खोकला तिथलाच आहे. लाकूड, चुना, कौल हे राखावे, कारण ते चांगले आहे. अंधार राखण्याचे कारण नाही.

पण भिंत फोडणे हे हौशीचे काम नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांतली पुष्कळशी जड दगडमातीच्या भिंती आणि मातीची धाब्याची छपरे अंगावर पडून गेली. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप तर आपल्या सातारा जिल्ह्याच्याच उरावर झाला. आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, तेव्हा पुण्यातल्या मातीच्या भिंती पाण्यात कशा विरघळल्या, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून आम्ही इमारतीच्या इंजिनिअरांना आणले. कोणत्या भिंतीवर भार आहे ते त्यांनी सांगितले. आधी टेकू, मग खिडकीवरची आडवी तुळई, आणि ती पक्की बसल्यावर खालची भिंत काढली. दोन्ही मजल्यांना भिंती एकमेकींशी बांधणारा पट्टाही त्यांनी सुचवल्याप्रमाणे केला. विजेच्या जुन्या तारा काढून परवानाधारक वायरमनकडून नव्या घातल्या आणि गळती होताच वीज तोडणारी आर.सी.सी.बी. बसवली. छप्पर, वीज आणि भाराची भिंत या तीन ठिकाणी काटकसर करू नये, हे मी पुन्हा सांगते.

आता त्या खोलीला पूर्वेकडे चार फुटांची खिडकी आहे. ओटा उभ्याने काम करण्याच्या उंचीचा आहे. परसातला संडास पावसात छत्री घेऊन गाठावा लागे. तो आत आणला, भिंतीला धरावयास दांडी लावली आणि उंबरा काढला. जुन्या घराचे जुनेपण यात कमी झाले असे कोणाला वाटले तर वाटो. आई यंदा मार्गशीर्षापासून होळीपर्यंत तिथे राहिली. सकाळी त्या खिडकीशी बसून ती तांदूळ निवडते आणि आळीत कोण आले-गेले ते पाहते. आयुष्यात प्रथमच त्या खोलीतून तिला रस्ता दिसतो.

लोक विचारतात, नवरा-बायकोंनी मिळून काम केले की भांडणे होत नाहीत का? होतात. भिंतीत खिळा कुठे मारावा यावर झालेले आमचे भांडण सुरूरच्या फाट्यापर्यंत टिकले होते. पण एक नियम पहिल्या महिन्यात केला आणि तो पाळला. दोघेही दिवसभर चुन्यात असल्यावर संध्याकाळची खिचडी एका शनिवारी मी लावावयाची, पुढच्या शनिवारी त्यांनी. आळीतले एक गृहस्थ प्रारंभी यांना म्हणाले, 'वहिनींना कशाला कामाला जुंपता?' आणि त्यांच्या सौभाग्यवती मला म्हणाल्या, 'अहो, तुम्ही त्यांना चुलीशी बसवता?' दोघांचेही उत्तर एकच होते, आणि ते खिचडीच्या चवीने दिले. एकत्र संसार म्हणजे एकत्र राहणे एवढेच आपण धरतो. एकमेकांचे काम हाती धरून पाहिले की माणूस निराळे दिसते. तीस वर्षांच्या संसारात यांचा धीर मला ठाऊक नव्हता. चुन्याचा थर वाळण्याची वाट पाहताना तो कळला. माझा खांदा किती वजन उचलतो, हे त्यांनाही तेव्हाच कळले.

वेळ फार घेतला. जाता जाता तीन गोष्टी सुचवते आणि थांबते. पहिली, आपापल्या घराच्या मिळकत पत्रिकेवर, सातबाऱ्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर कोणाची नावे आहेत, ते या महिन्यात प्रत्येकीने एकदा स्वतः वाचून पाहावे. दुसरी, गावाकडे बंद घर असेल तर येत्या पावसाळ्यात खडू घेऊन एक दिवस तिथे जावे. विकावयाचे की राखावयाचे ते मग ठरवा, पण पाहून ठरवा. तिसरी, आपल्या मंडळात शिवण आणि भरतकामाचे वर्ग चालतात, ते चालूच राहोत. त्यांच्या जोडीला थापी-ओळंब्याचा एक वर्ग काढावा. शिकवावयास मावशी तयार आहेत. त्यांना मी विचारून आले आहे. फक्त रोज त्या गवंड्याचा घेतील, आणि तो मंडळाने आनंदाने द्यावा.